उन्हाळा, पोशाख आणि मनाचा शीण

नवतपा लागला, कीं नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथें भर दुपारीं दोन प्रकारचीं माणसें दृष्टीस पडतात. आर्वीकडे जाणाऱ्या फाट्यावर सैल सदरा घातलेला व डोक्याकानांभोंवतीं सुती दुपट्टा गुंडाळलेला शेतकरी उभा असतो. आणि रस्त्याकांठच्या दुकानांत कृत्रिम धाग्याचा घट्ट गणवेश चढविलेला नोकर. तिसऱ्या प्रहरीं हा नोकर हिशेबांत चुकतो, गिऱ्हाइकावर चिडतो, आणि मालक त्यास आळशी ठरवितो. हा निवाडा आम्हांस अन्यायाचा वाटतो.

शरीराला आपलें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश राखावें लागतें. त्वचेचें सुमारें ३५ अंश असतें. विदर्भांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां हवा अंगांतली उष्णता घेत तर नाहींच, उलट आपली देते. मग घाम वाळणें हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम त्वचेवर वाळला, तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम दाट कापडाखालीं कोंडला किंवा ठिबकून गेला, तर पाणी आणि मीठ खर्च होतें, गारवा मात्र मिळत नाहीं. आणि रक्त त्वचेकडे धाडण्यासाठीं हृदयास अधिक धडधडावें लागतें.

पांढरा रंग घातला म्हणजे झालें, असेंही नव्हे. नेगेव वाळवंटांतील बेदुइनांच्या झग्यांवर श्कोल्निक व त्यांचे सहकारी यांनीं केलेली पाहणी १९८० सालीं प्रसिद्ध झाली. काळा झगा पांढऱ्याहून अधिक तापला. परंतु तो सैल असल्यानें ती जादा उष्णता आंत खेळणाऱ्या वाऱ्याबरोबर निघून गेली, व अंगास दोहोंत सारखीच पोंचली. तात्पर्य, कापडाच्या रंगाइतकाच त्याचा ढिलेपणा महत्त्वाचा.

आतां मनाच्या शिणाविषयीं. व्याख्यानें व तोंडी परीक्षा आटोपलेल्या अध्यापकांचे स्नायू लवकर थकतात, हें ट्यूरिनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनीं १८९१ सालींच नोंदविलें होतें. २००९ सालीं मार्कोरा प्रभृतींनीं १६ जणांना ९० मिनिटें बुद्धीस ताण देणारें काम देऊन नंतर दमेपर्यंत सायकल चालवावयास लाविलें. एरव्हीं सरासरी ७५४ सेकंद टिकणारीं हीं माणसें ६४० सेकंदांतच थांबलीं. हृदय व श्वसन यांच्या प्रतिसादांत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. श्रम मात्र अधिक जाणवले. हा प्रयोग उन्हांतला नव्हता, हें खरें. परंतु रात्रीं उशिरापर्यंत वह्या लिहिणारा गुमास्ता दुसऱ्या दिवशीं उन्हांत पोतीं उतरवूं लागला, तर त्याचे पाय कां जड होतात, हें यावरून उमगावें. तो कामचुकारपणा नसून शीण आहे.

कोणी म्हणेल, गणवेश सैल झाला कीं शिस्तही सैल होईल. उच्च व सर्वोच्च न्यायालय वगळतां इतर न्यायालयांत उन्हाळ्यांत वकिलांवर काळ्या कोटाची सक्ति नाहीं. तेवढ्यानें न्यायासनाचा मान कोठें कमी झाला? आणि ज्या वर्धा जिल्ह्यांत कापूस पिकतो, जेथें गांधीजी १९३६ सालीं सेवाग्रामीं राहावयास आले, त्या जिल्ह्यानें तरी सुती कपड्याचें महत्त्व दुसऱ्याकडून शिकूं नये.

व्यापारी बंधूंस व शाळाचालकांस आमची विनंति इतकीच: उन्हाळ्यापुरता गणवेश सुती व सैल करावा, डोक्याचें काम आणि अंगमेहनत यांमध्यें विसांवा द्यावा, सावली व पिण्याचें पाणी हाताशीं ठेवावें. तापलेला माणूस असंबद्ध बोलूं लागला, तर त्यास रागें न भरतां सावलींत न्यावें, अंगावर पाणी घालून वारा घालावा व तत्काळ दवाखान्यांत पोंचवावें. नोकराच्या स्वभावाची परीक्षा करण्यापूर्वीं त्याच्या अंगावरील सदरा व आदल्या रात्रीचें जागरण पाहावें. एवढा विवेक दाखविण्यास खर्च थोडा लागतो, आणि वेळीं त्यानें जीवही वांचतो.