रुजवात घेणारा हात

जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या एखाद्या विधी वर्गात आज शिकणारा विद्यार्थी, मग तो रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातून आलेला असो की शहादा-तळोद्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याचा असो, कायद्याशी पहिला परिचय बहुधा मोबाईलच्या पडद्यावर करून घेतो. आणि ज्या टिपणांतून तो परिचय होतो ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली व त्यानंतर कोणी तपासली, याचा त्यांवर क्वचितच मागमूस असतो. यासाठी त्याला दूषण देणे अन्यायाचे होईल. भाष्यग्रंथ महाग असतात, ग्रंथालयाची वेळ आणि गावाकडे परतणाऱ्या एस.टी.ची वेळ जुळतेच असे नाही, आणि फुकट मिळणारे मराठी टिपण हा अशा विद्यार्थ्याला केवढा तरी आधार असतो. तो आधार ठिसूळ राहू नये, ही चिंता मात्र त्याची एकट्याची नव्हे.

काव्यावरील टिपण दहा वर्षांनी शिळे वाटले तरी ते असत्य ठरत नाही. कायद्यावरील टिपण एका अधिसूचनेने रातोरात असत्य होते आणि तरीही पूर्वीच्याच अधिकारवाणीने बोलत राहते. १ जुलै २०२४ रोजी १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम यांची जागा भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली, तेव्हा याचा प्रत्यय साऱ्या देशाला एकदम आला. दंड संहितेच्या पाचशे अकरा कलमांच्या जागी न्याय संहितेची तीनशे अठ्ठावन्न आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले ४२० हे कलम नव्या संहितेत अस्तित्वातच उरले नाही. परंतु नाहीसा झालेला क्रमांक तितकासा घातक नाही, कारण तो शोधू जाणारा थबकतो आणि चौकशी करतो. घातक आहे तो जागेवर राहून अर्थ बदललेला क्रमांक. जुन्या प्रक्रिया संहितेचे ४८२ हे कलम उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते, नव्या संहितेत ४८२ हे अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले आहेत. १४४ म्हणजे जमावबंदी हे समीकरण ज्याच्या मनात पक्के बसले आहे, त्याला नव्या संहितेच्या १४४ मध्ये पत्नी, मुले व आईबाप यांच्या पोटगीची तरतूद आढळते. आणि दंड संहितेतील खुनाच्या शिक्षेचे ३०२ न्याय संहितेत आता धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचे कलम झाले असून खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे.

यावर जुनी टिपणे सरसकट पुसून नवी चढवावीत, असा उपाय कोणी सुचवील, तर तोही अपुरा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधाला जुनीच दंड संहिता लागू राहते, म्हणून जळगावच्या किंवा धुळ्याच्या सत्र न्यायालयात दोन्ही संहिता पुढील कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदणार आहेत. जुने टिपण नष्ट न करता त्याच्या शिरोभागी त्याचा अंमल कोठवर आहे हे नोंदवणे, हेच खरे कर्तव्य होय. शिवाय नवा कायदा सगळाच्या सगळा एका दिवशी अंमलात येतो असेही नाही: बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्या आणि खबर न देता पळून जाणाऱ्या चालकासंबंधीचे न्याय संहितेतील १०६ (२) हे पोटकलम अंमलबजावणीच्या अधिसूचनेतूनच वगळले गेले होते. संहितेचा नुसता पाठ वाचून टिपण लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळण्याचा मार्गच नव्हता; त्यासाठी राजपत्र पाहणे प्राप्त होते.

कलमाचा एक शब्दही न बदलता कायदा कसा बदलतो, हे समजून घ्यायचे असेल तर मुलींच्या वारसाहक्काकडे पाहावे, आणि खानदेशात तर ते अवश्य पाहावे, कारण येथील दिवाणी दाव्यांचा मोठा भाग काळ्या जमिनीच्या वाटपाचाच असतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायिक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः वाटेकरी, केले, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाचा तो भेद मिटवला. २०१५ मध्ये फुलवतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असला पाहिजे. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हक्क जन्मसिद्ध असल्यामुळे पित्याच्या हयातीची अट गैरलागू ठरवली. २०१६ साली प्रामाणिकपणे लिहिलेले, पित्याच्या हयातीची अट सांगणारे टिपण त्या वेळी बिनचूक होते. आज त्यावर विसंबून एखाद्या बहिणीला तुझा हक्क नाही असे सांगणारा नवखा वकील तिचे आयुष्यभराचे नुकसान करील.

अखिल भारतीय विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या साहित्यात राज्यांच्या दुरुस्त्या सहसा गळतात, हा आणखी एक दोष. दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्राने १९७७ साली घातलेले आणि २०१८ साली काढून टाकलेले कलम ९-अ हे त्याचे ठळक उदाहरण: इतरत्र लिहिलेल्या टिपणांत त्याचे नाव नाही, इकडच्या जुन्या टिपणांत ते अजून जिवंत आहे.

ही ढिलाई विद्यार्थ्यांपुरतीच मर्यादित आहे असे कोणी समजू नये. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना ज्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली अटक झाली, त्यातील ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले तेव्हा महान्यायवाद्यांनी दाखवून दिले की, कायद्याच्या पुस्तकात कलम जसेच्या तसे छापलेले आहे आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटिपेत आहे. नोंद कोठे करावी, हा प्रश्न किती गंभीर असतो हे यावरून दिसते. रद्दबातल झाल्याची वार्ता कलमाच्या आधी वाचकाच्या दृष्टीस पडली पाहिजे.

या साऱ्यावर इलाज मूळ पाठाशी ताडून पाहण्याचाच, आणि तो आग्रह खानदेशाला परका नाही. याच धुळ्यात वकिली करणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देवांनी, दासबोधाच्या प्रचलित आवृत्त्यांवर संतुष्ट न राहता, डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हस्तलिखितावरून १९०५ मध्ये तो ग्रंथ सिद्ध केला. आणि अस्सल कागदावाचून एक विधानही करू नये असे बजावणाऱ्या इतिहाससंशोधक राजवाड्यांचे दप्तर त्यांच्या निधनानंतर १९२७ पासून याच शहरातील संशोधन मंडळाने जपले. देव-राजवाड्यांना जे कागद गावोगाव पायपीट करून मिळवावे लागले, त्यांच्या तुलनेत आजचे अस्सल साधन किती सुलभ आहे! राजपत्र महाजालावर आहे, केंद्राचे अधिनियम ‘इंडिया कोड’वर आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल २०२३ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

उणीव आहे ती रुजवात घेणाऱ्याची. न्यायालयाच्या नक्कल विभागात एक जण नक्कल उतरवतो, दुसरा ती अस्सलाशी ताडून पाहतो आणि मगच खरी नक्कल म्हणून शिक्का उमटतो. तीच शिस्त टिपणांना लावण्यात दुष्कर असे काय आहे? प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा धरला आहे ती तारीख, ताडून पाहणाऱ्याचे नाव, आधारभूत राजपत्राचा वा निकालाचा निर्देश आणि केलेल्या दुरुस्त्यांची तारीखवार नोंद असावी. चूक कळवणाऱ्या विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत उत्तर मिळावे. हे काम रिकाम्या वेळेत करण्याजोगे किरकोळ मानले जाते, हीच मला सर्वांत मोठी हानी वाटते, कारण नवे टिपण लिहिणाऱ्याचे नाव होते आणि जुने निर्दोष ठेवणारा अज्ञात राहतो.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील तिन्ही जिल्ह्यांच्या विधी महाविद्यालयांनी विषय वाटून घ्यावेत, महसूल व कुळकायदा एकाने, फौजदारी दुसऱ्याने, कौटुंबिक तिसऱ्याने, आणि दर सत्राच्या आरंभी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अध्यापकांच्या देखरेखीखाली आपापल्या टिपणांची राजपत्राशी व ताज्या निकालांशी रुजवात करून घ्यावी. त्या कामाला अंतर्गत गुण द्यावेत, आणि ज्यांनी ती केली त्यांची नावे टिपणाखाली छापावीत.