घरच्या संगणकावरील ईमेल : टपाल घरी आणावे की टपालघरीच ठेवावे?

पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंड हे दौंड तालुक्यातील बागायती गाव. येथील व्हिक्टोरिया तलावात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी येते आणि परिसरात ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. कालव्याखालच्या अशा जमिनीत क्षार साचू लागले नाहीत ना, हे दर दोन-तीन वर्षांनी माती तपासून पाहावे लागते. त्यासाठी एकाच वर्षाचा अहवाल पुरेसा नसतो. मागील अहवालाशी नवा ताडून पाहिला, म्हणजेच क्षारता चढते आहे की उतरते आहे आणि सेंद्रिय कर्ब घटला की वाढला, याचा उलगडा होतो. पूर्वी असा अहवाल कागदावर येई व घरच्या ट्रंकेत राही. आता तो पुष्कळदा ईमेलने येतो. ठिबक संचाचे दरपत्रक व बँकेचे पत्रही त्याच वाटेने येते. ही पत्रे नेमकी कोठे राहतात, याचा विचार मात्र हरवल्याखेरीज कोणी करीत नाही.

ईमेलने पाठविलेले पत्र थेट आपल्या घरी येत नसते. सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकात, म्हणजे सर्व्हरवर, आपल्या नावाची पेटी असते. तीत ते प्रथम पडते. संकेतस्थळ उघडून तेथल्या तेथे पत्रे वाचणाऱ्यास काहीच ठरवावे लागत नाही. परंतु घरच्या संगणकावर थंडरबर्डसारखा पत्रव्यवहाराचा प्रोग्रॅम बसविला, की पेटीतील पत्रे कोणत्या पद्धतीने आणावयाची, पॉप की आयमॅप, हे ठरविणे प्राप्त होते. बहुतेक जण समोर दिसेल ती पद्धत निवडून मोकळे होतात.

पॉप ही यांतील जुनी पद्धत असून तिचा पहिला आराखडा 1984 साली प्रसिद्ध झाला. पेटीतील पत्रे उचलून घरच्या संगणकात आणावयाची व पेटी रिकामी करावयाची, असा तिचा मूळ व्यवहार. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून जोडणी मिळे व जितका वेळ जोडणी तितका खर्च होई. झटपट पत्रे उतरवून तार मोकळी करणे त्या काळी शहाणपणाचेच होते. आयमॅप ही पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली तयार केली. तीत पत्रे सर्व्हरवरच राहतात. घरचा संगणक आधी पत्रांची नावनिशी दाखवू शकतो व मागाल ते पत्र आणून देतो. वाचलेले, खोडलेले, निराळ्या फोल्डरात ठेवलेले, सर्व नोंदी सर्व्हरवरच होतात.

बागायतदारास हा भेद पाण्याच्या उदाहरणाने समजावून द्यावा. पॉप म्हणजे आवर्तन आले की सारे पाणी आपल्या शेततळ्यात भरून घेणे. शेततळ्याचा कागद फाटला, की पाणी गेले. आयमॅप म्हणजे पाणी तलावातच ठेवून लागेल तसे घेणे. येथे तलाव एकच असल्याने त्यातून जे गेले ते सर्वांचेच गेले, ही त्याची दुसरी बाजू.

आता घरात संगणक एकटा राहिलेला नाही. वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात 1998 पासून गावोगाव संगणक बसवून ऊस उत्पादकांना माहिती देण्याचा प्रकल्प झाला. पुढे दहा वर्षांच्या आतच तेथील काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइल वापरून पाहण्यात आला. ही दिशा आज घरोघरी दिसते. समजा, वरवंडच्या एका घरात वडील संगणकावर हिशेब पाहतात व मुलगा पुण्याहून तेच खाते मोबाइलवर उघडतो. संगणकावर पॉप असेल, तर उतरलेली पत्रे पेटीतून निघून जाऊन मुलास ती दिसणार नाहीत. वडिलांनी संगणकावरून पाठविलेले उत्तरही त्यास दिसणार नाही. पॉपमध्ये पाठविलेल्या पत्राची प्रत सामान्यतः त्या संगणकातच राहते. मग विजेच्या झटक्याने संगणकाची हार्ड डिस्क गेली, तर तीन वर्षांपूर्वीचा माती अहवाल कोणाजवळच नसतो.

पॉपमध्येही सर्व्हरवर प्रत राखण्याची सोय असते हे खरे. पण तिची मुदत पाहिली पाहिजे. थंडरबर्डमध्ये ही मुदत सहसा आरंभी 14 दिवसांची धरलेली असते. ती न बदलल्यास पंधरवड्यानंतर प्रत नाहीशी होते. जीमेलमध्ये तर प्रत राहील की नाही, हे खुद्द जीमेलच्या सेटिंगवर ठरते. शिवाय पॉप केवळ मुख्य पेटीतील पत्रे आणते. सेवेने चुकून स्पॅममध्ये टाकलेला अहवाल घरी पोहोचतच नाही आणि शेतकरी प्रयोगशाळेस दोष देत बसतो.

यास्तव संगणक व मोबाइल दोन्ही वापरणाऱ्या घराने आयमॅपच घ्यावी. वीज व जोडणी बेभरवशाची असली तरी पॉपकडे वळण्याचे कारण नाही, कारण थंडरबर्ड आयमॅपच्या पत्रांचीही प्रत संगणकात ठेवू शकतो व ती जोडणीवाचून वाचता येते. पॉप शोभते ती एकच संगणक वापरणाऱ्यास, किंवा ज्याची सर्व्हरवरील पेटी फार लहान आहे त्यास. पेटीचा हा प्रश्न आयमॅपवाल्यानेही विसरू नये. जीमेलच्या 15 जीबी विनामूल्य जागेत मोबाइलवरून साठविलेली छायाचित्रेही मोजली जातात. लग्नाच्या फोटोंनी जागा भरली, की नवी पत्रे परत जाऊ लागतात.

आयमॅपने पत्रे सुरक्षित झाली असे मानून स्वस्थ बसणेही धोक्याचे. नातवाने मोबाइलवर खोडलेले पत्र संगणकावरूनही जाते. संगणकातील प्रत सर्व्हरची केवळ प्रतिमा असते, निराळी साठवण नव्हे. माती अहवाल व बँकेची पत्रे वर्षातून एकदा, उसाची तोड संपून सवड मिळाली म्हणजे, पेन ड्राइव्हवर उतरवावीत. अहवालाचा एक कागद छापून सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी खाते जोडून देताना सुरक्षित जोडणी निवडावी : आयमॅपसाठी पोर्ट 993, पॉपसाठी 995. पत्र पाठविण्याची पद्धत, एसएमटीपी, निराळी असून वरील निवडीचा तिच्याशी संबंध नाही. जुन्या संगणकावर पॉप असल्यास ते खाते काढून टाकण्यापूर्वी त्यात उतरलेली पत्रे आयमॅपच्या फोल्डरात ओढून घ्यावीत व ती मोबाइलवर दिसू लागल्याची खात्री करावी. सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर मात्र कोणाचेही खाते कोणत्याच पद्धतीने जोडू नये. तेथे संकेतस्थळावरच पत्र वाचावे व काम होताच खाते बंद करून उठावे.