शाळा बंद असताना मुलांचा दिनक्रम

मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या साथीमुळे पिंपरी-चिंचवडमधील शाळा बंद करण्यात आल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पवनेच्या काठचे पिंपळे गुरव हे पूर्वीचे खेडे आज दाट वस्तीचे उपनगर आहे. येथील अनेक घरे एक-दोन खोल्यांची असून कर्ती माणसे कारखान्यांत पाळीने कामाला जाणारी आहेत. अशा घरातील मुलाचा दिवस कोणाच्या आधारावर चालतो, हे त्या काळात स्पष्ट झाले. वडिलांची पहिली पाळी, आईची डबा करण्याची घाई, शाळेची घंटा आणि दुपारचा शालेय पोषण आहार या चार खुंट्यांना त्याचा दिवस टांगलेला होता. पाळी थांबली, घंटा थांबली, आहाराचे तांदूळ व कडधान्य कोरडेच घरी येऊ लागले. मुलांना खेळण्याचे ठिकाण म्हणजे राजमाता जिजाऊ उद्यान, ज्याला ती डायनासोर उद्यान म्हणूनच ओळखतात, तेही बंद झाले. मुलाचा दिनक्रम हा बहुतांशी उसना असतो. ज्यांच्याकडून तो घेतला, त्यांचाच मोडला की मुलाजवळ स्वतःचे असे काही उरत नाही.

परिणाम प्रथम झोपेवर होतो. मनुष्याच्या शरीरात काळ मोजण्याची एक व्यवस्था असते व ती रोज सकाळच्या उजेडाने जुळवून घेतली जाते. मूल उशिरा उठले, पडदे ओढलेल्या खोलीतच राहिले आणि रात्री भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर बसले, तर झोप आणणारा स्राव उशिरा सुटतो. दुसऱ्या दिवशी उठणे आणखी लांबते. मग भूक वेळेवर लागत नाही, चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि पालक त्यास आळस असे नाव देतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. ‘लवकर नीज’ असे सांगून मूल झोपत नाही, हे प्रत्येक मातेस ठाऊक आहे. परंतु ठरल्या वेळी उठविणे पालकांच्या हाती असते. म्हणून सुधारणेचा आरंभ उठण्याच्या वेळेपासून करावा. उठताच मुलाने अर्धा तास अंगणात, गच्चीवर अथवा निदान खिडकीत उजेडात असावे. झोपेची वेळ आठ-दहा दिवसांत आपोआप मागे सरकू लागते.

वेळापत्रक कागदावर आखून भिंतीवर डकविण्याची आपल्या शिक्षकवर्गास फार हौस आहे. साडेसात ते आठ व्यायाम, आठ ते नऊ गणित! एका खोलीच्या घरात असा तक्ता चार दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा घरात जे चुकत नाही त्याला नवी सवय जोडून द्यावी. पिंपळे गुरवसह सर्व शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येत होते. टाळेबंदीतही नळाचा दिवस कोणी विसरत नव्हते. पाणी भरण्यास मुलाने हात लावावा व भांडी भरली की वाचनास बसावे, अशी सांगड घड्याळावाचून चालते. खेड्यात गुरांना वैरण, सांजेची दिवाबत्ती, भाकरीची वेळ हे असेच खुंट आहेत. दिवसात असे तीन खुंट पक्के झाले तर पुष्कळ झाले. त्यांपैकी एक घाम येईल अशा हालचालीचा असावा. मुलांना रोज एकूण तासभर अशी हालचाल हवी, आणि दोरीवरच्या उड्या व सूर्यनमस्कार यांना चटईपुरती जागा लागते.

दिवसाप्रमाणे आठवड्यालाही खूण लागते, अन्यथा सर्व वार सारखेच वाटू लागतात. १९३२ साली धुळे कारागृहात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर एक प्रवचन दिले व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बंद भिंतींच्या आत त्या रविवारांनी आठवड्याला आकार दिला असेल. शिक्षकानेही ठराविक वारी, ठराविक वेळी मुलाशी बोलावे. दूरध्वनीवर पाच मिनिटेही पुरतात. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागणाऱ्या ‘टिलीमिली’ मालिकेचा शिकविण्याखेरीज हाही एक उपयोग होता.

ज्या घरात मजुरी बुडाली आहे किंवा माणूस दगावले आहे, तेथे दिनक्रमाची गोष्ट काढू नये. आधी धान्य आहे काय, मूल कोणापाशी झोपते, ते बोलते काय, एवढेच पाहावे. एखादे मूल अनेक दिवस मुकाट बसत असेल, जेवत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखविण्याविषयी पालकांस सुचवावे.

टाळेबंदी सरली तरी हा प्रश्न सरलेला नाही. मुळशी-भोरच्या डोंगरवाडीत पावसाने वाट बंद होते, कोणाचा पाय मोडतो, कोणी कांजिण्यांनी घरी अडकते, ऊसतोडणीस गेलेले मूल महिनोन्महिने वर्गाबाहेर राहते. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास १ डिसेंबर २०२१ पासून अनुमती मिळाली, म्हणजे लहान मुलांचा खंड वीस महिन्यांहून अधिक झाला होता. असा खंड संपण्याच्या सुमारास पालकांस आठवडाभर आधी निरोप द्यावा आणि मुलास रोज पाव तास लवकर उठविण्यास सांगावे. पहिल्या आठवड्यात हजेरीनंतर लगेच पुस्तक न उघडता मैदानावर खेळ घ्यावा, आणि डुलकी घेणाऱ्या मुलास बाकावर उभे करू नये.