फोनवरचा ‘हॅलो’ आणि एकटे पडलेले मन

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि पेण-रोह्यातल्या तरुण मुलांचे जग घराच्या चार भिंतींत आले. कॉलेजला आणि कामाला पनवेल-ठाण्याकडे नेणारी दिवा-रोहा गाडी थांबली. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला. पुढच्या वर्षी तर दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा झाल्याच नाहीत. पेणच्या मूर्तिकारांपुढे वेगळेच संकट होते. त्या वर्षी सार्वजनिक गणपतीला चार फूट आणि घरगुती गणपतीला दोन फूट अशी मर्यादा आली. आधीच घडवून ठेवलेल्या मोठ्या मूर्तींचे काय करायचे, हा प्रश्न हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पोरांनाही छळत होता. धाटावच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्यांच्या घरी पगाराची काळजी होती.

घरातली ही काळजी मुलांच्या कानावर येतेच. ती बोलून दाखवत नाहीत, पण शरीर बोलते. डोके दुखते, पोटात गोळा येतो, रात्रभर झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून ताट ढकलले जाते. तपासण्या केल्या तर सगळे ‘नॉर्मल’ निघते. मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. हे महासाथीच्या आधीचे चित्र आहे.

फोन हाच दवाखाना

मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत, फार तर जिल्ह्याच्या ठिकाणी. रोह्याच्या आतल्या वाडीवरून अलिबाग गाठायचे तर एरवीही दिवस मोडतो. टाळेबंदीत तर गाडीही नाही आणि पासही नाही. अशा वेळी हाताशी उरला फोन. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. डॉक्टरांना फोनवरून सल्ला देण्यासाठी स्पष्ट नियम मिळाले. रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत मोठी व्यक्ती हवी, ही अटही त्यात होती.

फोनवरून धीर देण्याची कल्पना नवी नाही. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा यांनी आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून ओळखली गेली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ पासून सुरू आहे. महासाथीत या पद्धतीची गरज गावोगावी भासली, एवढेच.

उपदेश नको, कान हवा

समजा, सतरा वर्षांची एक मुलगी फोन करते आणि म्हणते, ‘अभ्यासात लक्ष लागत नाही.’ ‘मन लाव, सगळं ठीक होईल’ असे उत्तर मिळाले की फोन तिथेच संपतो. प्रशिक्षित समुपदेशक आधी विचारतो, ‘आता मोकळेपणाने बोलता येईल का? जवळ कोणी आहे का?’ एका खोलीच्या घरात, एकाच फोनवर धाकट्या भावाचा वर्गही चालू असताना हा प्रश्न फार मोलाचा असतो. आजूबाजूला माणसे असतील तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येतील असे प्रश्न विचारायचे, किंवा पुन्हा कधी फोन करू हे ठरवायचे.

मग झोप, भूक, दिवसभराचा क्रम, कोणाशी बोलणे होते, याची चौकशी होते. एका फोनमध्ये सगळे सुटत नाही. उद्यासाठी एकच लहान काम ठरते : सकाळी ठरल्या वेळी उठणे, अंगणात अर्धा तास चालणे, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे किंवा एका मैत्रिणीशी बोलणे. पुढच्या फोनवर त्याची विचारपूस होते.

समुपदेशक मरणाच्या विचारांबद्दलही स्पष्ट विचारतो. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते शिरेल, अशी भीती पालकांना वाटते. ती खरी नाही. विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, कोणीतरी अखेर विचारले म्हणून मन हलके होते.

पुन्हा फोन करण्याला इतके महत्त्व का? अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक साधा प्रयोग केला. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना ते अधूनमधून चार ओळींचे पत्र पाठवत : तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या पत्र न मिळालेल्यांपेक्षा कमी झाल्या. आपली कोणाला तरी आठवण आहे, ही जाणीव माणसाला धरून ठेवते.

फोनची मर्यादा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, जिल्ह्याच्या मोठ्या भागात वीज आणि मोबाइलची रेंज गेली. फोनवर टिकलेला आधार नेमक्या गरजेच्या वेळी तुटू शकतो, हा धडा त्यातून मिळाला. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी वाडीतल्या मुलाकडे तर अनेकदा स्वतःचा फोनच नसतो. तिथे आशाताई आणि अंगणवाडीताईच्या पायांना पर्याय नाही.

फोनवर हातावरचे व्रण दिसत नाहीत, उतरलेला चेहरा दिसत नाही. कानात आवाज येणे, भलताच संशय घेणे, खाणेपिणे सोडणे, व्यसन तुटल्यावर हातपाय कापणे, जीव देण्याची तयारी करणे, यांपैकी काहीही असेल तर मुलाला एकटे सोडू नये. घरातली कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. उदासी, चिडचिड किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तरी ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

महासाथ सरली, फोनची वाट मात्र मोकळी राहिली. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे दहावी-बारावीच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

आणि मूल फोनवर हळू आवाजात कोणाशी तरी मनातले बोलत असेल, तर पालकांनी दारामागे कान लावू नये. दार ओढून घ्यावे आणि अर्ध्या तासाने चहाला हाक मारावी.