स्पीडवे मोटारसायकली, जुन्या
लंबवर्तुळाकार, सपाट मातीच्या धावपट्टीवरील शर्यतींसाठी बनविलेल्या एकसिलिंडरी मोटारसायकली. यांना गतिरोधक मुळीच नसतात. वळणावर मागचे चाक घसरू देऊन चालक पोलादी तळवा बांधलेला डावा पाय जमिनीला टेकवीत गाडी वळवितो. १९२० नंतर ऑस्ट्रेलियात रुजलेला हा खेळ १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाला. लंडनच्या प्रेस्टविच कंपनीच्या ‘जॅप’ एंजिनाचे (सिलिंडर-व्यास ८० मिमी., धाव ९९ मिमी.) वर्चस्व पुढे चेकोस्लोव्हाकियातील ‘एसो’ गाड्यांनी मोडले. एसो १९६४ मध्ये जावा उद्योगात विलीन झाली. म्हैसूरला बनलेली व महाराष्ट्रात परिचित असलेली जावा मात्र द्विधाव एंजिनाची, रस्त्यावरची गाडी. तिचे एंजिनाचे सुटे भाग येथे निरुपयोगी.

या गाड्यांचे इंधन मिथेनॉल. ते हवेतील पाणी शोषते व कार्ब्युरेटर गंजविते. वंगणाचे एरंडेल जुने झाल्यावर डिंकासारखे चिकट होऊन तेलाच्या वाटा बुजविते. म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेले एंजिन चालवून पाहण्याचा मोह टाळून प्रथम पूर्ण उघडणे इष्ट.

खरा पेच अस्सलपणाचा आहे. शर्यतींच्या हंगामात सांगाडे मोडत, एंजिने बदलली जात. त्यामुळे सर्व भाग एकाच वर्षाचे असलेली गाडी विरळा. नंतरचे बदल काढून ती ‘मूळ’ रूपात आणली, तर तिचा शर्यतींतील इतिहासच पुसला जातो. चकचकीत मुलाम्याची गाडी प्रदर्शनात शोभते खरी. पण ती कशी धावली, हे जोडकामाच्या खुणा व ठोकून सरळ केलेल्या नळ्याच सांगतात. जाणते कारागीर काम सुरू करण्यापूर्वी सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक नोंदवितात आणि काढलेले भाग गाडीसोबतच ठेवतात.