घाटाची भीती घाटातच सुटते!

चाळीसगावहून संभाजीनगरला निघालात. एसटी कन्नड घाटाला लागली आणि खिडकीतून दरी दिसली, की छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो. मित्र म्हणतात, 'एवढं काय घाबरतो, भो?' मग पुढच्या वेळी इंटरव्ह्यू असला तरी तुम्ही जाणंच टाळता. साधी भीती सावध करते. पण तिच्यापायी संधी सुटू लागली, तर तो उंचीचा फोबिया असू शकतो.

गंमत बघा, टाळल्यावर जे हायसं वाटतं, तेच भीतीला खतपाणी घालतं. मेंदू म्हणतो, 'गेलो नाही म्हणून वाचलो!' त्याला खोटं पाडायचं तर एकेक पायरी चढा. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या पुस्तकात अशीच पद्धत मांडली होती. आधी घाटाचे व्हिडिओ बघा. मग डोंगरपायथ्याच्या पाटणादेवीला जाऊन कडे न्याहाळा. नंतर मित्रासोबत एसटीत आतल्या सीटवर, शेवटी खिडकीपाशी. श्वास संथ ठेवा, भीती ओसरल्यावरच पुढची पायरी.

आणि दोस्तांनो, कुणाला मस्करीत दरीकडे ढकलू नका. त्याने भीती वाढते. एकट्याने जमत नसेल, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ वर मोफत बोला. लाज कसली?