खेद पुरे, माफीचं बोला! पण मागायची कुणी, आणि कुणाची?

पुण्याला जायचं म्हटलं की आपण हुतात्मा एक्सप्रेस पकडतो. 'आज हुतात्मा लेट आहे', 'हुतात्माला जाम गर्दी होती' ही वाक्यं इतक्या सहज तोंडी येतात की त्या शब्दाचा अर्थ डोक्यात शिरतच नाही. कोणते हुतात्मे? चार नावं सलग सांगता येतात का बघा बरं. मी आमच्या वर्गात विचारलं तर दोन नावांपर्यंत बऱ्याच जणांची गाडी अडकली.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात इंग्रज सरकारनं या चौघांना फाशी दिलं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं साप्ताहिक चालवायचे. म्हणजे आम्हा पत्रकारितेच्या पोरांचे ते सीनियरच.

झालं होतं असं. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव पेटलं. 8 मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला केला. अधिकारी गाव सोडून गेले आणि पुढचे दोन-तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य असं उरलंच नाही. 12 मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. झेंडा हातात घेणंसुद्धा गुन्हा ठरलं. पुढे पोलिसांच्या खुनाचा ठपका ठेवून या चौघांवर खटला चालला आणि चौघंही फासावर गेले.

आता प्रश्न. या सगळ्याबद्दल ब्रिटननं आज आपली माफी मागावी का?

'अर्थात!' असं तुम्ही लगेच म्हणाल. शशी थरूर यांचं 2015 मधलं ऑक्सफर्ड युनियनचं भाषण तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल, निदान त्याचे तुकडे तरी. मलाही ते ऐकून चांगलंच स्फुरण चढलं होतं. पण प्रत्यक्षात काय घडलं ते बघा. जालियनवाला बागेबद्दल डेव्हिड कॅमेरून 2013 मध्ये अमृतसरला जाऊन 'अतिशय लाजिरवाणी घटना' म्हणाले. शताब्दीच्या तोंडावर, एप्रिल 2019 मध्ये थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला. माफी हा शब्द दोघांनीही टाळला. जालियनवाल्याची ही गत, तर सोलापूरच्या मार्शल लॉचं नाव तिथं कोण काढणार?

खेद आणि माफी यांतला फरक आपल्याला स्टेशनवर पाठ झालाय. 'प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' रेकॉर्ड केलेला आवाज, चूक नेमकी कुणाची ते सांगायचं नाही, तिकिटाचे पैसे परत नाहीत आणि उद्या गाडी पुन्हा लेट. माफीत 'आम्ही केलं, ते चूक होतं' एवढं तरी म्हणावं लागतं. ते एकदा म्हटलं की पुढे भरपाईचा विषय निघतो, आणि सरकारं नेमकी त्यालाच घाबरतात. केनियातल्या माऊ माऊ उठावात इंग्रजांनी लोकांचा छळ केला होता. त्यातले म्हातारे झालेले लोक लंडनच्या कोर्टात गेले, तेव्हा कुठे 2013 मध्ये ब्रिटिश सरकारनं खेद व्यक्त करून 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंड मोजले. तिथेही शब्द खेदच होता.

'आजोबांनी केलं, नातवानं का निस्तरायचं?'

आमच्या कट्ट्यावर या विषयावरून वाद झाला, तेव्हा सगळ्यात जोरदार मुद्दा हाच होता. आजच्या लंडनमधल्या विशीतल्या पोरानं जगन्नाथ शिंदेंना फाशी दिलेलं नाही. मग त्याच्या सरकारनं माफी का मागायची?

मुद्दा वजनदार आहे, पण अर्धाच आहे. माणसं मरतात, सरकार नावाची चीज मरत नाही. तिचे करार चालू राहतात, मालमत्ता राहते, कर्जही राहतं. ब्रिटननं 1833 मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा भरपाई म्हणून 2 कोटी पौंड दिले. कुणाला? गुलामांना नाही, त्यांच्या मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब मिटला तो 2015 मध्ये. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची ब्रिटिश पोरंपोरी जन्मली तेव्हाही ते कर्ज फिटतच होतं. पणजोबांचं कर्ज चालतं, मग पणजोबांची चूक तेवढी नको, हे कसं काय?

दुसरा मुद्दा आला की अशी यादी काढली तर ती संपणारच नाही. एकानं थेट विचारलं, 'मग बंगालची माफी आपण मागायची का?' क्षणभर सगळे गप्प झाले. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. त्या लुटीची आठवण तिथल्या अंगाईगीतात आजही आहे, तिथल्या आया 'बर्गी' आले म्हणत पोरांना झोपवायच्या. हे आपल्या पुस्तकात दोन ओळींत उरकतं. पण ते राज्य डलहौसीनं कधीच खालसा केलं. त्याच्या नावानं आज कोण बोलणार? माझ्या मते दोनच गोष्टी तपासायच्या. ज्यानं अन्याय केला ती सत्ता आज शिल्लक आहे का? आणि तो अन्याय आज कुणाच्या अंगाला चिकटलेला आहे का? बंगालबद्दल आपण इतिहास म्हणून प्रामाणिकपणे लिहावं, वाचावं. माफीची केस मात्र जिथं दोन्ही उत्तरं 'हो' येतात तिथली.

आणि अशी एक केस आपल्या सोलापुरातच आहे. हुतात्मा चौकापासून रिक्षा केली तर थोड्या वेळात पोचाल.

सेटलमेंट

हा शब्द तुम्ही एरिया म्हणून ऐकलाय. सेटलमेंट फ्री कॉलनी, नंबर अमुक. 'फ्री' म्हणजे काय, असा प्रश्न कधी पडला? फुकट नव्हे. तारेच्या कुंपणातून सुटलेल्यांची वसाहत, म्हणून फ्री.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, 1911 च्या कायद्यानं देशभर लागू करता आला. या कायद्यानं अख्खी जमातच गुन्हेगार ठरवली. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींत जन्म झाला की नाव रजिस्टरात. बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, बाहेर जायचं तर पास काढायचा. मुलांना आईबापांपासून वेगळं काढायची सोयसुद्धा कायद्यात होती. अशा माणसांना ठेवायच्या बंदिस्त वसाहती म्हणजे सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक होती. ती इथंच का? गिरण्यांना हात हवे होते आणि कुंपणातल्या माणसांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. ज्या गिरण्यांचा अभिमान आपण सांगतो, त्यांच्या भोंग्यामागे हेही होतं. आपल्या अभ्यासात ते मला कुठे भेटलं नाही.

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला. काही प्रांतांनी हा कायदा थोडा आधी काढला, पण देशभरातून तो गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. पाच वर्षं आणि सोळा दिवस. म्हणून 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पंडित नेहरू सोलापूरला आले आणि त्यांनी सेटलमेंटचं तारेचं कुंपण तोडलं, ही गोष्ट भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत आजही सांगितली जाते.

तार तुटली, शिक्का तसाच राहिला. गुन्हेगार जमाती गेल्या आणि 'सराईत गुन्हेगार' आले. मुंबई राज्यानं 1959 मध्ये तसा कायदा केला, इतर राज्यांचेही असे कायदे होते. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं 2007 मध्ये भारताला सांगितलं की असे कायदे रद्द करा. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं 2008 मध्ये अहवाल दिला, त्यानंतर दहाएक वर्षांनी इदाते आयोगानं दिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींबद्दलही लिहिलं, आणि पोलिसांनी या लोकांना मनमानी अटक करू नये असं बजावलं. 2024 मध्ये हे बजावावं लागतं!

आता आपली चाचणी लावा. कायदा करणारं ब्रिटिश सरकार आहे का? आहे. तो कायदा पाच वर्षं पुढे चालवून मग त्याच्या सावलीतला दुसरा कायदा करणारं सरकार आहे का? आहे, आणि ते आपलं आहे. अन्याय आजही चिकटलाय का? गावात चोरी झाली की पहिली जीप कोणत्या वस्तीकडे वळते, ते तुम्हाला माहीत आहे. माझी एक मैत्रीण या भागात राहते. मुलाखतीच्या फॉर्मवर ती पत्ता लिहिताना 'सेटलमेंट' हा शब्द गाळते.

लंडनकडे बोट दाखवताना आपला आवाज चढतो, आणि हा विषय काढला की 'ते जुनं कशाला उकरायचं' असं ऐकू येतं. हेच तर लंडनवालेही म्हणतात ना?

माफी मागितली की देश लहान होतो, असं कुणाला वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून नेल्याबद्दल पंतप्रधान केविन रड यांनी 13 फेब्रुवारी 2008 रोजी संसदेत स्पष्ट शब्दांत माफी मागितली. ते सगळे प्रश्न अजून सुटलेले नाहीत, पण 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणणं तिथं अवघड झालं. कॅनडाच्या जस्टिन ट्रुडो यांनी 2016 मध्ये कोमागाटा मारूची माफी मागितली. 1914 मध्ये त्या जहाजावर 376 प्रवासी होते, बहुतेक पंजाबी, आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना किनाऱ्यावर उतरूच दिलं नव्हतं. आपल्याकडेही उदाहरण आहे. 1984 च्या शीख हत्याकांडाबद्दल मनमोहन सिंग यांनी ऑगस्ट 2005 मध्ये संसदेत देशाची माफी मागितली. म्हणजे आपल्या संसदेला हा शब्द उच्चारता येतो.

गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल तो उच्चारला गेलेला नाही. उच्चारायचा तर कुठे, यावर मात्र माझं मत पक्कं आहे. दिल्लीत ठीक, पण एकदा इथंही. सोलापुरात, त्या वस्तीत, मराठीत. आणि सोबत सराईत गुन्हेगार कायद्याचं काय करणार ते सांगून. नुसत्या शब्दाला मग स्टेशनवरच्या घोषणेपेक्षा जास्त किंमत कशी येईल?

हा लेख लिहिताना मी मैत्रिणीच्या आजीला विचारलं, की सरकारनं माफी मागितली तर कसं वाटेल? तिच्या वडिलांची हजेरी सेटलमेंटमध्ये लागायची. नातवाच्या ॲडमिशनसाठी घरात सध्या जात पडताळणीची पळापळ चालू आहे, कारण विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आजी हसली. म्हणाली, "आमचं नाव, ठसा, घर, बायकापोरं सगळं लिहून ठेवलं होतं की त्यांनी. रोज मोजायचे आम्हाला. आन् आता आम्हालाच इचारतेत, तुम्ही हितं होता कशावरनं?"